ईशान्य कोपरा: सिंगापूरच्या फ्लॅटच्या फेंगशुई-नोंदी

17 ऑगस्ट 2025

चावी मिळाली. जुना पॉइंट ब्लॉक आहे, एका मजल्यावर चार घरं, मधे लिफ्ट. इथल्या भाषेत 'फोर रूम' म्हणजे तीन बेडरूम आणि हॉल, हे आईला फोनवर तिसऱ्यांदा समजावलं. पीआरला (कायमच्या रहिवाशाला) रीसेल घर घ्यायचं तर आधी तीन वर्षं थांबावं लागतं, ती थांबलो, मग ब्लॉकचा वांशिक कोटा (एका ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं, याची मर्यादा) बघा, मग बँक, मग वकील, एवढं सगळं होऊन आज दार उघडलं तर आत आधीच्या लोकांची एक प्लॅस्टिकची बादली आणि दारावर लाल कागद चिकटवल्याचे डाग.

ब्लॉक नंबर आणि घर नंबर मिळून तीन वेळा 4 येतो. चायनीजमध्ये 4 चा उच्चार 'मरण' या शब्दाच्या जवळ जातो, त्यामुळे हे घर बराच काळ पडून होतं असं एजंट बोलून गेला (बोलायला नको होतं त्याने, आम्ही लगेच भाव पाडला). बायकोचं, म्हणजे मुक्ताचं, मत असं की दुसऱ्याचा अपशकुन आपल्याला डिस्काउंटमध्ये मिळाला.

या नोंदी ठेवतोय कारण दोन बाजूंनी सूचना येणार हे आत्ताच दिसतंय, सांगलीहून वास्तुशास्त्र आणि इथून फेंगशुई, आणि सहा महिन्यांनी कुणी काय सांगितलेलं ते मला आठवणार नाही.

21 ऑगस्ट

कॉन्ट्रॅक्टर येऊन माप घेऊन गेला. काम कधी सुरू, विचारलं तर म्हणे 22 सप्टेंबर. मी म्हटलं अरे महिनाभर रिकामं घर ठेवून हप्ता भरू का? तर 23 ऑगस्टपासून चायनीज सातवा महिना लागतोय, भुतांचा महिना, त्यात तो कुणाच्याच घरी पहिला हातोडा मारत नाही. या महिन्यात ब्लॉकखाली लोक पितरांसाठी कागदी पैसे जाळतात, मोकळ्या जागेत गाण्यांचे स्टेज शो लागतात आणि पहिली रांग रिकामी ठेवतात, ती पाहुण्यांसाठी. कुठले पाहुणे ते कळलंच असेल.

वैतागून आईला फोन केला तर ती म्हणाली बरोबरच आहे त्याचं, 7 तारखेनंतर पितृपक्ष आहे, सर्वपित्री 21 ला, मग 22 ला घटस्थापना. मी कॅलेंडर बघतच बसलो. त्यांचा महिनाही 21 लाच संपतो. म्हणजे दोघंही एकाच अमावस्येवर टेकलेत, चंद्र एकच आहे म्हटल्यावर होणारच म्हणा. पण सांगलीतली बाई आणि होक्कियन (चायनीजची एक बोली) बोलणारा कॉन्ट्रॅक्टर एकमेकांना न बघता माझ्या विरोधात एक झाले हे काही बरं लक्षण नाही.

30 ऑगस्ट

आधी एका फेंगशुईवाल्याकडे चौकशी केली. 1,888 डॉलर, त्यात रिपोर्ट, दोन स्फटिक, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक. नाव लिहीत नाही. फोनवरच त्याने घर न बघता 'मनी कॉर्नर' कुठे ते सांगितलं, तिथेच ठरवलं की नको.

मग वाटलं स्वतःच करू. फोनमधलं होकायंत्र घेऊन दारात उभा राहिलो, 291 अंश. दोन पावलं आत आलो तर 274. हॉलच्या मधे 266. वीस मिनिटं असा घरभर फिरत होतो, मुक्ता म्हणाली नेटवर्क शोधतोयस का. शेवटी लक्षात आलं की दाराला लोखंडी गेट आहे, भिंतीत सळ्या आहेत, लिफ्टची मोटर आहे, बिचारी सुई करणार काय.

7 सप्टेंबर

कॉन्ट्रॅक्टरचे मामा आले. त्यांना सगळे अंकलच म्हणतात. सत्तरीच्या पुढचे, हाफ पँट, चप्पल, आणि कापडी पिशवीत लुओपान, म्हणजे फेंगशुईचं होकायंत्र. फी 388 डॉलर, आठाचा उच्चार समृद्धीच्या शब्दासारखा म्हणून शेवटी आठ. सातव्या महिन्यात कसे आलात विचारलं तर म्हणाले बघायला काही नाही, ठोकायला नको.

लुओपान पहिल्यांदा जवळून बघितला. चौकोनी लाल लाकडी पाट, त्यात फिरणारी पितळी गोल थाळी, मधे बोटाच्या पेराएवढं होकायंत्र आणि भोवती वर्तुळांवर वर्तुळं, बारीक चायनीज अक्षरांची. एका वर्तुळात 24 भाग, प्रत्येक 15 अंशांचा, त्यांना 'पर्वत' म्हणतात. पाटावर दोन लाल दोरे एकमेकांना काटकोनात ताणलेले, थाळी हळूहळू फिरवून सुई खालच्या रेघेवर आणायची आणि दोऱ्याखाली कुठलं अक्षर येतं ते वाचायचं. अंकल गेटपासून लांब गेले, खाली उतरून ब्लॉकच्या समोर, मागे, आणि वर येऊन हॉलच्या खिडकीत, असं चार ठिकाणी मोजलं. प्रत्येक वेळी श्वास रोखून, लहान मूल दुधाचा पेला नेतं तसं. दार पश्चिमेला, हॉलची मोठी खिडकी पूर्वेला. फ्लॅटचं 'तोंड' दार धरायचं की खिडकी, यावर या लोकांमध्येच भांडणं आहेत, कारण शास्त्र तयार झालं तेव्हा घराला अंगण होतं, अकरावा मजला नव्हता. अंकल खिडकी धरतात, उजेड जिकडून येतो ते तोंड.

मग वहीत तीन बाय तीनचा चौकोन काढला, मधलं घर सोडून प्रत्येक घर म्हणजे एक दिशा. 4 9 2, 3 5 7, 8 1 6, कुठूनही बेरीज 15, शाळेत केलेला जादूचा चौकोनच की हा! दरवर्षी साधारण 4 फेब्रुवारीला हे आकडे सरकतात. 2025 ला मधे 2 आहे, तिथून पुढे वायव्येला 3, पश्चिमेला 4 आणि ईशान्येला 5. हा 5 म्हणजे 'फाइव्ह यलो', सगळ्यात तापट. तो ज्या दिशेला असेल तिथे त्या वर्षी ठोकाठोकी, ड्रिल, खणणं काही करायचं नाही, आणि लाल रंग, मेणबत्ती, दिवा पण नको. कारण 5 मातीचा आणि अग्नीतून माती तयार होते (राख), म्हणजे दिवा लावला की त्याला खुराक. उलट मातीतून धातू निघतो, म्हणून तिथे धातू ठेवला की त्याचा जोर धातूकडे जातो आणि तो गप्प बसतो.

आता गंमत बघा. ईशान्येच्या कोपऱ्यात आमचं देवघर होणार आहे. भिंतीला ड्रिल मारून शेल्फ, लाल रंगाची पाठ, समोर समई. म्हणजे अंकलच्या यादीतली प्रत्येक बंदी मोडणारं एकच फर्निचर.

आईला आज सांगितलं नाही. पितृपक्ष उद्यापासून, रात्री खग्रास चंद्रग्रहण, तिला एका दिवसात एवढं पुरे.

14 सप्टेंबर

बेडचा विषय. फेंगशुईत जन्मसालावरून 'कुआ' आकडा काढतात, पुरुषांचं गणित वेगळं आणि बायकांचं वेगळं. माझं साल 1988, 8 आणि 8 सोळा, 1 आणि 6 सात, दहातून सात गेले तीन. मुक्ता 1990, बेरीज 9, त्यात 5 मिळवले 14, म्हणजे 5, पण बायकांना 5 आला की तो 8 धरायचा (का ते विचारू नका, मी विचारलं, अंकल चहा प्यायले). 3 पूर्व गटात, 8 पश्चिम गटात. मला दक्षिण, उत्तर, पूर्व, आग्नेय चांगल्या. तिला नैऋत्य, वायव्य, पश्चिम, ईशान्य. एकसुद्धा दिशा कॉमन नाही. बारा वर्षांचा संसार झाल्यावर हे कळतंय.

मग आई म्हणे त्यात काय विचार करायचा, दक्षिणेला डोकं करून झोपायचं, उत्तरेला करायचं नाही, संपलं. दक्षिण म्हणजे माझी सर्वोत्तम. मुक्ताच्या तक्त्यात दक्षिण 'हुओ हाय', चार वाईट दिशांमधली त्यातल्या त्यात सौम्य, किरकोळ कटकटी देणारी. ती म्हणाली वा, म्हणजे शास्त्रं दोन असली तरी दोन्ही तुझ्याच बाजूने, किरकोळ कटकट तर मी तशीही सहन करतेच. अंकलनी मात्र मधला मार्ग सांगितला, ज्याला झोप नीट लागत नाही त्याची दिशा आधी बघा. झोप तिला नीट लागत नाही. पण पश्चिमेच्या भिंतीला डोकं केलं तर संडासाचं दार थेट पायाशी येतं आणि वर बीम. तेव्हा दक्षिणच. तिच्या बाजूला मोठी खिडकी आणि टेबललॅम्प या तहावर प्रकरण मिटलं.

22 सप्टेंबर

काम सुरू. सकाळी नऊ वाजता कॉन्ट्रॅक्टरने दारात तीन उदबत्त्या लावल्या, तिकडे सांगलीत घट बसले. तोडफोडीला इथे शनिवार-रविवार परवानगी नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच स्वयंपाकघराच्या फरशा.

स्वयंपाकघर वायव्येला. आईला आग्नेय हवं होतं, पण वायव्य चालतं म्हणाली, दुसऱ्या नंबरचं. फेंगशुईचा आक्षेप वेगळा, शेगडी आणि सिंक शेजारी-शेजारी नको, आग आणि पाणी भांडतात. हा मला पहिल्या दिवसापासून पटलेला एकमेव नियम कारण आधीच्या भाड्याच्या घरात गरम तेलात सिंकमधलं पाणी उडून माझा हात भाजलेला आहे. मधे 60 सेंटिमीटरचा ओटा सोडला. कचऱ्याची शूट (कचरा खाली सोडायची नळी) जुन्या ब्लॉकमध्ये असते तशी आमच्या स्वयंपाकघरातच आहे, झाकण उघडलं की अकरा मजल्यांचा वास वर येतो, त्यावर दोन्ही शास्त्रांचं एकमत, बंद ठेवा. त्याला शास्त्र कशाला पाहिजे पण ठीक आहे.

3 ऑक्टोबर

देवघर. तह असा झाला की भिंतीला भोक पाडायचं नाही. सुताराकडून पायांवर उभं राहणारं सागवानी देवघर करून घेतलं, पाठीला लालऐवजी नुसतं लाकूड. राहिला धातू. अंकल म्हणाले सहा नळ्यांचं धातूचं विंडचाइम लावा, आवाज महत्त्वाचा, नुसता धातू ठेवून उपयोग कमी.

मी पेटीतून आजीची घंटा काढली. पितळी, वर नंदीची मूठ, एका बाजूने झिजून चपटी झालेली. अंकलनी हातात घेतली, वजन बघितलं, मग खिशातून एक खिळा काढून कडेला हलकेच मारला आणि घंटा कानापाशी धरून डोळे मिटले. आवाज संपेपर्यंत बोटांवर मोजत होते. माझ्या हिशोबाने चौदा. मग म्हणाले, व्हेरी लाँग, व्हेरी गूड, विंडचाइम नको, पैसे वाचव. रोज वाजवता का? म्हटलं संध्याकाळी, आरतीला. तर हे म्हणाले मग तुमच्याकडे औषध आधीपासून आहे, डब्यात घालून कशाला ठेवलं होतं.

समईचं विचारलंच शेवटी. बराच वेळ देवांकडे बघत होते. लहान ज्योत चालेल म्हणाले, आणि आधी घंटा मग दिवा. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली आपल्यातही घंटा आधीच वाजवतात, नवीन काय सांगितलं त्याने.

11 ऑक्टोबर

सगळ्यात जास्त डोकं या कामाने खाल्लं. आमचं दार आणि हॉलची खिडकी एका रेषेत, दारातून बघितलं की थेट समोरच्या ब्लॉकचे कपड्यांचे बांबू दिसतात. फेंगशुईत हा मोठा दोष, दारातून आलेली 'ची', म्हणजे ऊर्जा, सरळ खिडकीतून निघून जाते, घरात पैसा टिकत नाही. (हा 'ची' शब्द मराठीत लिहायचा म्हणजे कटकट आहे, सारखं वाटतं कुणाची?) उपाय, मधे पार्टिशन.

पण आमच्या गावच्या घरात पुढचं दार आणि परसदार सरळ रेषेत होतं आणि उन्हाळ्यात आजोबा त्या रेषेतच झोपायचे. आणि इथे तर वर्षभर दमट, वारा अडवला की पंधरा दिवसांत कपाटामागे बुरशी. भाड्याच्या घरात माझा लेदरचा बेल्ट हिरवा झाला होता. तर मी हटून बसलो की भरीव भिंत नको. मुळात फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी, आणि हे सगळं आधी दफनाची जागा निवडायला वापरायचे, वारा अडेल आणि पाणी जवळ असेल अशी डोंगराच्या कुशीतली जागा. उत्तरेकडून बोचरा वारा येणाऱ्या देशात ते बरोबर. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर वारा अडवून काय करायचंय?

हे सगळं मी अंकलना मोठ्या आवेशात ऐकवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, अडव कोण म्हणतंय, वळव. त्यांनी कागदावर उभ्या लाकडी पट्ट्या काढल्या, तिरप्या, खिडकीच्या लाकडी झडपेसारख्या. दारातून बघितलं की खिडकी दिसत नाही, पण वारा पट्ट्यांतून फिरून येतो. आज बसवल्या. खाली चपलांचं कपाट. उदबत्ती धरून बघितली, धूर आधी बाणासारखा खिडकीकडे जायचा, आता सोफ्याकडे वळून मग जातो. लेकाने चार उदबत्त्या संपवल्या या प्रयोगात.

16 ऑक्टोबर

नवीन कटकट. समोरच्या आंटींच्या दारावर अष्टकोनी आरसा आहे, बागुआ, मधे फुगीर काच. फुगीर म्हणजे परतवणारा, खोलगट म्हणजे गिळणारा, एवढं मला आता येतं. आणि तो आमच्या दाराकडे बघतोय. पुण्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर घर दाखवताना तिने तो बरोबर टिपला, म्हणाली त्यांनी तुमच्यावर रोखलाय तो, तू पण एक लाव. आणि वर कुरिअरने लाफिंग बुद्धा पाठवतेय, स्वतः विकत घेतलेला लागू पडत नाही ना, भेटच मिळावा लागतो. अंकलना विचारलं तर त्यांनी हा नियम जन्मात ऐकला नव्हता. मोठ्याने हसले. मग म्हणाले पण नियम चांगला आहे, दुकानदाराला परवडणार नाही.

आरशाला आरसा लावायचा नाही असं ते म्हणाले. शेजारी आहे, वीस वर्षं तोंड बघायचंय.

22 ऑक्टोबर, पाडवा

गृहप्रवेश. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. अंकलच्या पंचांगातही दिवस चांगला, साठ दिवसांच्या चक्रातला पहिला, पण उंदराचा (दिवसाला आणि वर्षाला बारा प्राण्यांतला एकेक वाटून दिलेला असतो), आणि उंदराचं घोड्याशी वैर. 1990 म्हणजे घोडा. म्हणजे मुक्ता पहिली आत जाऊ शकत नाही. घरची लक्ष्मीच बाहेर! मी म्हटलं सोडून देऊ हे, पण तीच म्हणाली पाच मिनिटांनी काय होतंय, 388 डॉलर दिलेत, वसूल करू.

तर कलश घेऊन आई पुढे, मागे बाबा तांदळाचा डबा घेऊन, मी पाणी भरलेली किटली, आणि लेकाच्या हातात अननस. इथे अननस घरात गडगडत सोडतात, होक्कियनमध्ये अननसाला 'ओंग लाय' म्हणतात आणि ते ऐकायला 'भरभराट ये' असं वाटतं. त्याने तो बॉलिंगसारखा फेकला, पट्ट्यांना आपटून देवघराच्या पायाशी जाऊन थांबला. ईशान्येला. आईने ते शुभ म्हणून नोंदवलं.

मग दूध. इंडक्शनवर दूध उतू घालवणं ही काय चीज आहे ते कळलं. फेस वर आला, सगळे हात जोडून उभे, दूध काठावरून सांडलं, थेट टचच्या बटणांवर, आणि शेगडी किंचाळायला लागली आणि बंद पडली. बाबा म्हणाले झालं, वास्तुपुरुष बोलला.

तोपर्यंत मुक्ता लिफ्टपाशी एकटी उभी. समोरचं दार उघडलं, आंटींनी विचारलं बाहेर का, कुलूप अडकलं का. तिने सांगितलं घोडा आहे म्हणून. आंटी म्हणाल्या अरे हो, आज उंदीर, बरोबर, आणि तिला बसायला स्टूल आणून दिलं. मग हिने धीर करून आरशाचं विचारलं. तो लिफ्टसाठी आहे. नीट बघितलं तर खरंच थोडा तिरका आहे, लिफ्टचं दार सारखं उघडतं मिटतं, जबड्यासारखं, ते त्यांच्या दाराकडे तोंड करून आहे. तुमचं घर तर रिकामंच होतं, म्हणाल्या, रिकाम्या घराला कोण घाबरतं.

9 नोव्हेंबर

लिफ्टमध्ये आंटी भेटल्या. जरा वेळ गप्प, मग म्हणाल्या, ते दाराला लटकवलंय, लिंबू आणि मिरच्या, ते कुणासाठी?

इथल्या लिटल इंडियातल्या टेक्काच्या बाजारातून आईने जाताना आणून लावलेलं. मी आपलं सांगितलं की कुणासाठी नाही, असंच, दृष्ट लागू नये म्हणून. कुणाची दृष्ट, त्यांनी विचारलं. समोर तर मीच राहते.

दुपारी लिंबू-मिरची दाराच्या आतल्या बाजूला घेतलं. आईला कळवलेलं नाही. संध्याकाळी आंटींकडून संत्री आली, दोन, जोडीनेच देतात.

4 फेब्रुवारी 2026

अंकलचा सकाळी मेसेज, आज आकडे सरकले. मधे आता 1, ईशान्येला 4. लाल पाठ लावायची तर लावा, ड्रिल मारायचं तर मारा. देवघर आहे तसं छान दिसतंय, त्यामुळे काही नाही.

पाच कुठे गेला म्हणून चौकोन मांडून बघितला. दक्षिणेला. म्हणजे आमच्या बेडच्या डोक्याची भिंत.

मुक्ताला दाखवलं. ती म्हणाली किरकोळ कटकट आता मोठी झाली म्हणायची. धातू पाहिजे आणि आवाज पाहिजे, पण घंटा देवाची, ती बेडरूममध्ये कशी आणणार? शेवटी लेकाच्या सायकलची जुनी पितळी घंटी सापडली, ती तिच्या उशाशी ठेवलीय. रात्री मी घोरायला लागलो की वाजवते.